सगळं काही पित्तच?

बाईला काहीही झालं की आपल्याकडे त्याचं एकच नाव ठरलेलं असतं, ‘पित्त’. छातीत जळजळतंय? पित्त. मळमळतंय? पित्त. उजव्या कुशीत कळ आली? तेही पित्तच! मग चिमूटभर ओवा, फार तर मेडिकलमधून एखादी गोळी, आणि बाई पुन्हा कामाला.

शाळेत ‘आकृती काढा व भागांना नावे द्या’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. जठर, यकृत, आतडी सुबक काढली, मार्क मिळवले. पण ती आकृती आपल्याच पदराआड आहे, हे कुणी सांगितलं नाही. त्यात भाषेचा घोळ. ‘काळीज धडधडलं’ म्हणताना मनात असतं हृदय, आणि मटणाच्या दुकानात ‘काळीज द्या’ म्हटलं की मिळतं यकृत!

खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि ते आंबट नसतंच. घशाशी येतं ते जठरातलं आम्ल. ते चढतं अन्ननलिकेतून. ही नळी जेमतेम २५ सेंटीमीटरची. श्वासनलिकेच्या मागून उतरते, मग थेट हृदयाच्या पाठीमागून जाते, आणि छाती-पोटाच्या मधला पडदा ओलांडून जठराला मिळते. त्याच पडद्यावर हृदय टेकलेलं. म्हणजे चाळीतली भिंतीला भिंत लागून असलेली बिऱ्हाडंच. दोघांच्या वेदनेचे निरोपही मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूलाही कळत नाही की ओरडतंय कोण. म्हणून डॉक्टरसुद्धा ईसीजी काढल्याशिवाय बोलत नाहीत. मग आपण ओव्यावर निदान कसं करतो?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी दोन दिवस असं ‘पित्त’ काढलं. दम लागत होता, जबडा दुखत होता, तरी घरात पाहुणे म्हणून उभ्याच. ईसीजीत निघाला हार्ट अटॅक. वाचल्या. पण ‘बायकांना कुठे अटॅक येतो’ म्हणणाऱ्या त्यांच्या सासूबाईंचा मला राग नाही येत. त्यांनाही कुणी कधी सांगितलं नव्हतं. राग येतो तो नवऱ्याच्या छातीत दुखलं की गाडी काढणाऱ्या आणि बायकोला सोडा देणाऱ्या घरांचा.

बायकांत छातीत कळ न येता नुसता दम, घाम, मळमळ, पाठदुखी, विलक्षण थकवा असंही होतं. पाण्याची कळशी उचलताना, जिना चढताना त्रास वाढला आणि बसल्यावर थांबला, तर तपासून घ्याच. आणि बसूनही थांबत नसेल, तर १०८ ला फोन. ही गाडी २०१४ पासून राज्यभर आहे, फुकट आहे. ‘हे घरी आले की जाऊ’ नको.

गेल्या बैठकीत मी भिंतीवर तक्ता लावला, तर एका आजींनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग उचकी कुठनं येते गं?’’ त्याच पडद्यातून, आजी.