वर्गातले वर्ग

शिक्षणाच्या बाजारात नव्या शब्दांना कधी तोटा नसतो. सध्या ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजे उलट्या वर्गाचा बोलबाला आहे. व्याख्यान विद्यार्थ्याने घरी चित्रफितीवर पाहावे आणि घरी सोडवायची उदाहरणे, शंका व चर्चा वर्गात व्हाव्यात, अशी ही पद्धत. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाचा जो मसुदा प्रसृत केला, त्यात या पद्धतीला स्थान आहे. आणि विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची सूचनाही त्यातच आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

मूळ कल्पना वाईट नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वुडलंड पार्क येथे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये आपले पाठ मुद्रित करण्यास आरंभ केला, तो गैरहजर विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून. ज्यांच्या घरी संगणक नव्हता, त्यांना त्यांनी डीव्हीडी पुरविल्या. वाचलेला तास ते एकेका विद्यार्थ्याजवळ जाऊन त्याची अडचण सोडविण्यात घालवीत. तेथे शिक्षकाची गरज कमी झाली नाही, वाढली.

आपल्याकडे याच्या नेमके विरुद्ध घडण्याचा धोका आहे. व्याख्यान एकदा मुद्रित झाले की पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याचा खर्च जवळजवळ शून्य, हे अर्थशास्त्र शासनाला आणि संस्थाचालकांना उत्तम कळते. महाराष्ट्रात कायम पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर महाविद्यालये चालविली जात आहेत. जितके तास, तितके मानधन. व्याख्यान चित्रफितीत गेले, की त्यांचा तासही गेला आणि भाकरीही गेली. मग शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात एकेकाची अडचण ऐकणार कोण?

खोली, वीज, शांतता यांचा खर्च आजवर संस्था सोसत होती; तो आता घरावर पडेल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक होता. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरले, हे खरे. परंतु घरात मोबाइल असणे म्हणजे तो मुलीच्या हाती असणे नव्हे. तो बापाबरोबर कामावर जातो. आणि ती कॉलेजातून परतताच स्वयंपाक, पाणी व धाकटी भावंडे तिच्या वाट्याला येतात. अशा मुलीला वर्गातला तास हाच दिवसातला एकमेव हक्काचा तास असतो. तोच घरी धाडला, तर दुसऱ्या दिवशी पाठ पाहून आलेले बोलतील आणि ती मुकी बसेल. वर्गाच्या आतच नवे वर्ग उभे राहतील.

म्हणून विरोध चित्रफितीला नाही, तिच्या आडून होणाऱ्या काटकसरीला आहे. अधिसभा व विद्यापरिषदांतील आपल्या प्रतिनिधींनी आणि विद्यार्थी संघटनांनी ठाम मागण्या कराव्यात: चित्रफीत पाहण्याचा तास वेळापत्रकातच असावा आणि त्यासाठी महाविद्यालयाने संगणक व जागा द्यावी; पाठ मराठीतही असावेत; मुद्रणाचे श्रम तासिकेत धरावेत; आणि कायम पदे भरल्यावाचून कोणताही वर्ग उलटू नये. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. जे शासन तो आकडा पाळीत नाही, त्याने आपले उत्तरदायित्व गरिबाच्या घरावर उलटवू नये.