घरच्या घरी : जुन्या टी-शर्टवर नवी नक्षी

धान्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का मारलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पत्र्यात अक्षरे कापलेली असतात. पत्रा पोत्यावर ठेवायचा, रंगाचा बोळा फिरवायचा, पत्रा उचलायचा. चांदवडसारख्या बाजाराच्या गावात हमाली करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. हीच युक्ती घरातल्या टी-शर्टवर वापरता येते. तिला स्टेन्सिल म्हणतात, आपण साचा म्हणू.

थोरल्याचा टी-शर्ट धाकटा घालत नाही, हे घरोघरचे रडगाणे आहे. त्याला लाज वाटते ती बहुधा छातीवरच्या डागाची. कापड अजून दोन वर्षे टिकणारे असते. त्या डागावर मुलाने स्वतः छापलेले चित्र आले, तर तोच टी-शर्ट तो मिरवत घालतो. नव्या कपड्याचे पैसे वह्यांना उपयोगी पडतात.

साच्यासाठी जुनी एक्स-रेची फिल्म किंवा प्लास्टिकच्या फाईलचे कव्हर उत्तम. पुठ्ठा असेल तर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासावी, म्हणजे तो रंगाने भिजत नाही. खाली फरशीचा तुकडा ठेवून ब्लेडने कापावे. ब्लेडचे काम मोठ्यांनीच करावे.

आता खरी मेख. साध्या पानाचा आकार कापणे सोपे. पण 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि अक्षराचा ठिपका होतो. म्हणून पोट आणि बाहेरचा भाग यांना जोडणारी बारीक पट्टी न कापता ठेवायची. हा पूल. जवळच मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे लोखंडी गर्डर बनतात. आपला पूल पाव सेंटिमीटरचा असला तरी काम तेच करतो. 'ब' आणि 'क' यांनाही पूल लागतो. 'प', 'म' आणि 'य' शिरोरेषेमुळे वरून बंद होतात, तेथे शिरोरेषा थोडी तोडावी. 'भीम' लिहिताना वेलांटीची कमान आणि शिरोरेषा यांच्यामधला तुकडा सांभाळावा. आकड्यांत ० आणि ४ फसवतात.

जपानमध्ये कापड छापण्याचे साचे तुतीच्या सालीच्या कागदाचे करीत. कागदाचे थर पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवत आणि नाजूक भाग रेशमी धाग्याने धरून ठेवीत. चीनमधील तुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत सुमारे हजार वर्षांपूर्वीचे सुईने टोचलेले कागद सापडले. त्यांच्या छिद्रांतून पूड झिरपवून बुद्धमूर्तीची तीच आकृती पुन्हा पुन्हा उमटवीत. आपल्या रांगोळीच्या छाप्याचे हे नातेवाईकच.

नक्षी आपल्या जिल्ह्यातच भरपूर आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील चैत्याच्या दर्शनी भागावर पिंपळपानाच्या आकाराची कमान आहे. शेजारच्या विहारांत दगडी कठड्याची नक्षी आहे, ती बाहीच्या कडेला शोभते. चांदवडच्या होळकरकालीन रंगमहालातले लाकडी कोरीव कामही मुलांना वही-पेन्सिल घेऊन दाखवावे. सुरुवात खऱ्या पिंपळपानाने करा. पान ठेवून बाह्यरेषा काढा आणि मधली शीर पूल म्हणून राखा.

चक्रासाठी कागदाचे वर्तुळ तीनदा घडी घातले की ८ आऱ्यांच्या खुणा मिळतात. प्रत्येक भागाचे तीन भाग केले की २४ आरे होतात. चक्र १५ सेंटिमीटरचे असेल, तर आरे मध्यापासून २ सेंटिमीटर सोडून सुरू करावेत. त्याच्या आत दोन आऱ्यांमध्ये अर्धा सेंटिमीटरही जागा उरत नाही आणि साचा फाटतो. बाहेरचा घेर सलग कापू नये, तुकड्यातुकड्यांनी कापावा.

टी-शर्ट सुती असावा. आधी धुऊन वाळवावा, खळ देऊ नये. आत पुठ्ठा घालावा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो. कापड ताणू नये. दुकानात मिळणारा फॅब्रिक कलर घ्यावा, त्यात पाणी घालू नये. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून जुन्या कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि वरून टिपत जावे. ब्रश ओढला की रंग साच्याखाली शिरतो. गडद कापडावर आधी पांढरा हात द्यावा, तो वाळल्यावर हवा तो रंग. एक दिवस वाळू द्यावे, मग उलट बाजूने इस्त्री फिरवावी. तीन दिवस धुऊ नये. नंतर उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि चित्रावर धोपटणे मारू नये.

एक गोष्ट घरात बसून ठरवावी. टी-शर्ट कधीतरी पायपुसणे होतो, त्यावरचे चित्रही त्याच्याबरोबर जाते. म्हणून बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवरच असू द्यावी. टी-शर्टवर पान, वेल किंवा मुलाचे नाव छापावे. चक्र किंवा 'जय भीम' छापले, तर कापड जुने झाल्यावर तेवढा भाग कापून जपून ठेवावा.

एका साच्यातून अनेक टी-शर्ट निघतात. १४ एप्रिलला वस्तीतल्या मुलांचे टी-शर्ट छापायचे असतील, तर मार्चमध्येच एक साचा कापून ठेवा. पहिला हात जुन्या फडक्यावर मारून पाहा. कोठे पूल तुटला आहे, ते फडके लगेच दाखवते.