प्लग वाचल्याशिवाय जेट बदलूं नये

धानाच्या पिकावर तपकिरी तुडतुडा उतरला म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं दिवस थोडे असतात. बुंध्याशीं बसून ही कीड रस शोषून घेते, बांधींत गोलाकार जळके डाग दिसूं लागतात आणि पाहतां पाहतां ते एकमेकांस मिळतात. अशा वेळीं पाठीवरचा फवारणी-पंप बंद पडला, तर गेलेलें पीक मागाहून कोणत्याही दुरुस्तीनें परत येत नाहीं. हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं; आमच्याच बांधींत तें घडलें, आणि दोषही आमचाच होता. म्हणून आज कीड किंवा औषध यांविषयीं न लिहितां, पंपाच्या इंजिनांतील बोटाएवढ्या स्पार्क-प्लगविषयीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या पाठीवरच्या पुष्कळशा पंपांचें इंजिन टू-स्ट्रोक असतें. एके काळीं आपल्या भागांत ठिकठिकाणीं दिसणाऱ्या राजदूत व लूना या गाड्यांचें इंजिनही त्याच जातीचें. यांत वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबरच जावें लागतें. पंपांत तें आपणच मोजून मिसळतों. कार्ब्युरेटरांतील जेट म्हणजे बारीक छिद्राचा पितळी तुकडा. त्याचा अंक मोठा तर पेट्रोल अधिक, लहान तर कमी. त्या वर्षीं आश्विनांत, यंत्रास अधिक सुख व्हावें या भोळ्या समजुतीनें, पुस्तिकेंत सांगितलेल्या लिटरमागें ४० मिलिलिटर तेलाऐवजीं आम्हीं अंदाजानें दुप्पट तेल ओतलें. प्लग काळा व ओला होऊं लागला. ‘पेट्रोल फार जातें, जेट लहान करा,’ असा सल्ला मिळाला व आम्हीं तो मानला. तिसऱ्या टाकीस, भर दुपारीं, पिस्टन सिलिंडरांत जाम झाला.

चूक कोठें झाली? काळेपणा तेलाचा होता, पेट्रोलाचा नव्हे. उलट तेल वाढलें म्हणजे त्याच मापांत पेट्रोल तितकें घटतें, म्हणून मिश्रण आधींच किंचित् विरळ झालें होतें. जेट लहान करून आम्हीं तें आणखी विरळ केलें. विरळ मिश्रणानें इंजिन अतोनात तापतें, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरास धरतो. रोग एक व औषध दुसरें, असा तो प्रकार झाला.

प्लगाच्या टोकाशीं असलेला चिनी मातीचा भाग हा इंजिनाचा सातबारा होय. मात्र तो वाचतां आला पाहिजे. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक समजावें. कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त, अथवा हवेची गाळणी तुंबलेली, अथवा चोक अर्धवट ओढलेला. काळा, ओला व तेलकट असेल तर प्रथम तेलाचें माप तपासावें. पांढराफटक, फोड आलेला किंवा चकचकीत बारीक कण चिकटलेला दिसल्यास इंजिन तत्काळ थांबवावें. ते कण बहुधा पिस्टनच्या धातूचे असतात. अशा वेळीं जेट कचऱ्यानें तुंबला आहे काय, गॅस्केट अथवा सील यांतून चोरटी हवा शिरते काय, आणि प्लग पुस्तिकेंत दिलेल्याच क्रमांकाचा आहे काय, हें आधीं पाहावें.

वाचण्याचीही रीत आहे. मंद चालवून बंद केलेल्या इंजिनाचा प्लग खोटी साक्ष देतो. कारण मुख्य जेटाचा अंमल पूर्ण वेगांतच असतो. स्वच्छ प्लग लावावा, इंजिन गरम होऊं द्यावें, टाकींत औषध न घालतां साधें पाणी घेऊन फवारा सुरू ठेवावा. कांहीं वेळ पूर्ण वेगानें चालवून त्याच वेगांत बटणानें एकदम बंद करावें. प्लग निवल्यावर काढून उजेडांत पाहावा. मातीच्या वाटेवरील शर्यतींचे मोटारसायकलवालेही हेंच करितात. जेट बदलणें झाल्यास मोठ्या अंकाकडून लहानाकडे, एका वेळीं एकच पायरी उतरावें.

जुने मिस्त्री रंगावरून झटकन् निदान करीत, परंतु आतां पेट्रोल पालटलें आहे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळूं लागलें; त्याचा रंग प्लगावर सावकाश चढतो, म्हणून घाईचें निदान फसतें. पुढें २०२५ सालीं पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें गांठलें. इथेनॉल तांदळापासूनही निघतें, याचा धानकरी म्हणून आम्हांस आनंदच आहे. परंतु त्यांत स्वतःचाच प्राणवायू असल्यामुळें जुन्या जेटावर मिश्रण विरळ होतें. जुन्या पंपास एखादा अंक मोठा जेट लागण्याचा संभव असतो. तें पाणीही शोषून घेतें. म्हणून हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी.

कोणी म्हणतील, आतां बॅटरीचे पंप आले, ही विद्या कशास हवी? ज्यांची बांधी लहान त्यांनीं बॅटरीचा पंप खुशाल घ्यावा. पण ज्यांच्या घरीं टू-स्ट्रोक पंप आहे, त्यांस तो ऐन कीडीच्या वेळीं चालूच हवा.

महसूल खात्यांत आमचें आयुष्य नोंदी वाचण्यांत गेलें. २०२१ सालापासून पीकपाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवर करूं लागला. मग आपल्या इंजिनाची साक्ष त्यानें परक्याच्या तोंडून कां ऐकावी? तारीख, तेलाचें माप, जेटाचा अंक व प्लगाचा रंग एवढ्या चार गोष्टी एका वहींत लिहाव्या आणि काढलेले प्लग तारखेची चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावे. आपल्या संस्थेनेंही रोवणी आटोपतांच सभासदांस आपापले पंप घेऊन बोलवावें व अर्धा दिवस एवढाच धडा द्यावा. त्यास खर्च नाममात्र आहे. आम्हांस हा धडा एका पिस्टनास व कित्येक बांध्यांच्या धानास पडला.