रुग्णाशेजारीं आप्त हवा

तापांत किंवा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध मनुष्य एकाएकीं बरळूं लागला, कीं आपण त्यास 'वात झाला' म्हणतों, डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांस तो लवकर गांठतो. चष्मा, पाणी, शांत झोंप, स्थळकाळाची आठवण अशा साध्या उपायांनीं रुग्णालयांतील वृद्धांत त्याचें प्रमाण शेंकडा १५ ऐवजीं १० च राहिल्याचें येल येथील डॉ. शॅरन इनूये यांनीं १९९९ सालीं दाखविलें. हें काम आप्ताइतकें कोण करील? इंग्लंडांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ आप्तांस राहूं द्यावें म्हणून २०१४ सालीं 'जॉन्स कॅम्पेन' ही चळवळ करावी लागली! जालन्यांत आप्त व्हरांड्यांत हजरच असतात. परंतु त्यांच्या वांट्यास केवळ औषधाची चिठ्ठी व डबा. आमच्या मतें परिचारिकेनें त्यांतील एकास आंत बोलावून सांगावें : हात धरा, नेहमींच्या नांवानें हांक मारा, भलतें बोलल्यास वाद घालूं नका.