दिवे कशावर टांगायचे?

गणपती महिन्याभरावर आले की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दिव्यांची चर्चा सुरू होते. पार किती लागतील, भाडं किती, मागच्या वर्षी निळा रंग फारच झाला होता वगैरे. एलईडी पार आता इतके आवाक्यात आलेत की काही सोसायट्यांनी स्वतःचे आठ-दहा घेऊनच ठेवलेत. पण ते दिवे ज्याच्यावर चढतात त्या स्टँडबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. दुकानदार देईल तो, मंडपवाला आणेल तो. म्हणून या वेळी स्टँड आणि ट्रसबद्दल लिहितोय. दिव्यांचा अंदाज चुकला तर नाटक जरा अंधारात होईल. स्टँडचा चुकला तर सगळं खाली नाचणाऱ्या पोरांच्या अंगावर येईल.

स्टँड घेताना आपण खोक्यावरचा आकडा वाचतो, ‘क्षमता ३० किलो’, आणि खूश होतो. एलईडी पार साधारण दोन ते तीन किलोचा. आडव्या टी-बारवर असे चार लावले, क्लॅम्प आणि केबल धरली, तरी बारा किलोच्या आसपास. मग चिंता कसली? गोम अशी आहे की तो आकडा फक्त सरळ खाली येणाऱ्या वजनाचा असतो. तेवढ्या वजनाने नळी वाकणार नाही, घसरणार नाही, एवढंच तो सांगतो. स्टँड कलंडेल का, हे तो सांगत नाही. आणि स्टँड मोडून पडण्यापेक्षा कलंडून पडण्याचीच शक्यता कितीतरी जास्त.

हा हिशोब आठवीच्या विज्ञानातला आहे, एकदा कराच. तिपाईचे पाय मधल्या दांड्यापासून ६० सेंटिमीटर लांब जातात असं धरा. स्टँड कलंडतो तो पायाच्या टोकावर नाही, तर दोन पायांची टोकं जोडणाऱ्या रेषेवर. ही रेषा मधल्या दांड्यापासून बरोबर निम्म्या अंतरावर असते, म्हणजे ३० सेंटिमीटरवर. स्टँड ८ किलोचा, दिवे १२ किलोचे, मिळून २० किलो. दिवे अडीच मीटर उंचीवर. आता वरच्या टोकाला आडवा किती जोर दिला की तो जाईल? २० गुणिले ३० भागिले २५०, म्हणजे २.४ किलो. अडीच किलो साखरेची पिशवी उचलायला लागतो तेवढासुद्धा नाही! जागा कमी म्हणून पाय अर्धेच उघडले आणि टोकं ४० सेंटिमीटरवर आली, तर १.६ किलोच पुरे.

एवढा जोर कुठून येणार, असं वाटतं ना? केबलमधून. एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम पाहत बसलो होतो. भाड्याने आणलेला स्टँड होता, दिव्यापासून केबल थेट बोर्डाकडे हवेतून ओढलेली. कोळीनृत्यातली एक मुलगी विंगेतून पळत बाहेर आली, केबल तिच्या खांद्याला अडकली आणि चार दिव्यांसकट स्टँड पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कोसळला. प्रयोग नव्हता म्हणून खुर्च्या रिकाम्या होत्या. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसतात.

उपाय स्वस्त आहेत. केबल दांड्यालगत खाली आणायची, तळाशी बांधायची, थोडी सैल ठेवायची आणि पुढे जमिनीला टेपने चिकटवायची. म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ तळाशी बसते, वर नाही. पाय पूर्ण उघडायचे. दिवे ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूला एक पाय यायला हवा. आणि तळाशी वाळूची पोती. २० किलो वाळू पायांवर टेकवली की तोच स्टँड कलंडायला ४.८ किलो लागतात, म्हणजे दुप्पट. पोतं शेजारी जमिनीवर ठेवून मात्र काही उपयोग नाही. त्याचा भार स्टँडवर यायला हवा.

विकत घ्यायचाच असेल तर हाताने ढकलून वर करायचा स्टँड चार पारसाठी ठीक आहे. त्यात नुसता पिळायचा खटका नको, आरपार जाणारी पिनही हवी. त्याहून जास्त वजनाला हँडल फिरवून वर जाणारा क्रँक स्टँड बघा. दुकानातच त्यावर वजन लावा, अर्ध्यावर न्या आणि हँडल सोडा (हात बाजूला ठेवून!). जागेवर थांबला तर बोलणी पुढे. गरागरा फिरला तर नमस्कार करून बाहेर पडा.

दोन क्रँक स्टँडवर आडवा ट्रस टाकला की आपण निर्धास्त होतो, कारण ते दारासारखं दिसतं आणि भक्कम वाटतं. डाव्या-उजव्या बाजूला ते भक्कम असतंही. पुढे-मागे मात्र पुन्हा ते दोन तिपाईंच्याच भरवशावर. वर नेताना दोन्ही हँडलं एकाच तालात फिरवायची, एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे. ट्रसचा भारतक्ता मागून घ्यायचा. त्यात पसरलेल्या वजनाचा आकडा वेगळा आणि मध्यावर टांगलेल्या वजनाचा वेगळा असतो. मध्यावर साधारण निम्मंच वजन चालतं, म्हणून जड दिवे टोकांकडे. अंतर दुप्पट केलं तर झेपणारं वजन निम्म्याहूनही खाली येतं. पोचा आलेली नळी परत पाठवायची. अॅल्युमिनियमचा ट्रस कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून आणलेला असेल तर अजिबात नको, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. जोडाच्या प्रत्येक पिनेला तिची क्लिप हवी. तिथे खिळा वाकवून घातलेला दिसला की आमचा मंडपवाला म्हणतो, ‘कुछ नै होता साब.’ आमच्या ऑफिसातही शुक्रवारी संध्याकाळी हेच वाक्य ऐकू येतं. तिथे फार तर सर्व्हर पडतो.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर वारा. १३ ऑगस्ट २०११ला अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये गाण्याचा कार्यक्रम सुरू होण्याआधी वादळी झोत आला आणि स्टेजचं छत कोसळलं. ७ माणसं गेली. ते छत तारांनी काँक्रीटच्या अडथळ्यांना बांधलेलं होतं. ते अडथळेच जागेवरून सरकले. आपलं स्टेज छोटं, पण आपण हौसेने ट्रसलाच प्रायोजकाचा फ्लेक्स बांधतो. १० बाय ४ फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ४० किलोमीटरचा वारा सुमारे ३० किलोचा जोर लावतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. वरचा २.४ किलोचा आकडा आठवा आणि फ्लेक्स भिंतीला बांधा. भाद्रपदात हैदराबादला पाऊस कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा वारा सुटला की ट्रस खाली कोणी उतरवायचा, हेही आधीच ठरवून ठेवा.

प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय स्टीलची सेफ्टी वायर लावायची, प्लॅस्टिकचा टाय नव्हे. ट्रस धातूचा आहे, त्याला अर्थिंग द्यायचं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावर तडजोड नाही.

आमच्या कमिटीने यंदा दोन क्रँक स्टँड विकत घ्यायचे ठरवलंय. ट्रस भाड्यानेच, कारण दोन मीटरचे तुकडे कोणाच्याही गाडीत मावत नाहीत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूमला लिफ्ट नाही. वाळूच्या पिशव्या शेजारच्या काकू शिवून देताहेत, जुन्या जीन्सच्या पायांच्या. दोन पाय, मध्ये निवारीची पट्टी, प्रत्येकात जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेली दहा किलो वाळू. खोगिरासारख्या बसतात. अजून चार जीन्स हव्यात, कमरेचं माप कितीही चालेल.