पन्नास सह्यांमागचा वकील

गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांचे नाव वकील मंडळी घेतात ते बहुधा वासुदेव बळवंत फडक्यांच्या खटल्यापुरती. ते धाडस मोठेच होते. 1879 च्या मे महिन्यात पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाले, सरकारचा संशय काकांनीच उभ्या केलेल्या सार्वजनिक सभेच्या मंडळींवर गेला, सभेतल्या महादेव गोविंद रानड्यांना धुळ्याला धाडण्यात आले. अशा दिवसांत काका फडक्यांच्या बचावाला उभे राहिले.

पण भोसरी-चाकण पट्ट्यात वकिली करणाऱ्याने काकांकडून घ्यावे असे याहून मोलाचे काही आहे. 1828 चा साताऱ्यातला जन्म, कोर्टात नोकरी, मग वकिलीची परीक्षा. पुण्यात पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासदत्वाची अट पक्क्या वकिली डोक्यातली होती: निदान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणा, मगच लोकांच्या वतीने बोला. पहिल्या 95 सभासदांमागे सुमारे सहा हजार लोक होते. राजकारणात उतरतानाही काकांनी वकिलीचा हा पहिला नियम सोडला नाही.

आपल्याकडे काय चालते? शिफ्ट सुटली की गेटबाहेर मोटारसायकलच्या सीटवर कोरे वकीलपत्र ठेवून कंत्राटी कामगाराची सही घेतली जाते. प्रतिपक्षाचे नाव नाही, तारीख नाही. दावा कंत्राटदारावर की मूळ कंपनीवर, हे त्या बिहारच्या किंवा लातूरच्या पोराला कुणी विचारत नाही. वर्षभराने तडजोडीची पुरसिस दाखल होते, तेव्हा रक्कम त्याला पहिल्यांदा कळते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यातही तेच. सातबाऱ्यावरच्या बहिणींच्या सह्या भाऊ परस्पर आणून देतो आणि आपण त्या ठेवून घेतो. सगळेच असे करत नाहीत, पण हे चालते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते थांबवणे आपल्याच हातात आहे.

वकीलपत्र पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. पुरसिसवर सही घेण्याआधी ठरलेली रक्कम त्याच्याच तोंडून वदवून घ्यावी. बहीण सही करणार असेल, तर तिच्याशी स्वतः बोलावे. पिंपरी आणि खेडच्या वकील संघटनांनी मराठी आणि हिंदीत एक पानी समजपत्र तयार करावे. मसुदा आमच्याकडे आला, तर पुढच्याच अंकात पूर्ण छापू.