विश्लेषण : सायबरपंक खेळातील प्रतिस्पर्धी टोळी कशी उभी करावी? उत्तर तासगावच्या बेदाणा सौद्यात का सापडते?

निऑन दिव्यांनी उजळलेले शहर, आभाळाला भिडलेल्या कंपन्यांच्या इमारती, मेंदूला जोडलेला संगणक आणि पैशासाठी जोखमीची कामे घेणारी चार-पाच जणांची टोळी. सायबरपंक म्हटले की हे चित्र डोळ्यांसमोर येते. व्हिडिओ गेम आणि अॅनिमेशन मालिकांमुळे ते तालुक्याच्या गावातील मोबाइलवरही पोहोचले आहे. मात्र हाच खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायला बसले, की खेळ चालवणाऱ्यापुढे पहिली अडचण येते. खेळाडूंच्या टोळीसमोर उभे कोणाला करायचे? बहुतेक वेळा उत्तर असते, ‘दुष्ट कंपनीचे बंदूकधारी’. दोन बैठकांत त्यांचा कंटाळा येतो. चांगला प्रतिस्पर्धी हवा असेल, तर तो परदेशी पुस्तकाआधी स्वतःच्या बाजारपेठेत शोधायला हवा.

हा खेळ नेमका काय आहे?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांची सुरुवात अमेरिकेत १९७४ मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानली जाते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते. एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते ठरवतात आणि जमले की फसले, हे फासा ठरवतो. अशा अनेक बैठकांतून पुढे सरकणाऱ्या कथेला कॅम्पेन म्हणतात.

‘सायबरपंक’ हा शब्द ब्रूस बेथकी यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेचे शीर्षक होता. पुढच्याच वर्षी विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली. १९८८ मध्ये माइक पाँडस्मिथ यांनी ‘सायबरपंक’ हा टेबलटॉप खेळ आणला. १९८९ मध्ये ‘शॅडोरन’ आला. २०२० मध्ये पाँडस्मिथ यांच्या खेळाची ‘सायबरपंक रेड’ ही आवृत्ती आणि त्याच विश्वावरचा ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम, असे दोन्ही बाजारात आले. या सगळ्यांचा गाभा एकच आहे. तंत्रज्ञान खूप पुढे गेले, पण त्याची चावी मोजक्यांच्या हाती राहिली. मग बाकीच्यांनी जगायचे कसे?

शत्रू आणि प्रतिस्पर्धी यांत फरक काय?

शत्रूला खेळाडूंचा नाश हवा असतो. प्रतिस्पर्ध्याला खेळाडूंना जे हवे तेच हवे असते, पण वेगळ्या कारणासाठी. हा फरक लहान वाटतो, तरी त्यावरच कॅम्पेन टिकते. शत्रूशी एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे लढाई. प्रतिस्पर्ध्याशी शर्यत लावता येते, सौदा करता येतो, त्याला फसवता येते, प्रसंगी त्याच्या बाजूनेही उभे राहता येते.

त्यामुळे प्रत्येक प्रतिस्पर्धी टोळीसाठी गेम मास्टरने पाच ओळी लिहून ठेवाव्यात. त्यांना काय हवे आहे? का हवे आहे? ते कोणती गोष्ट कधीही करणार नाहीत? त्यांच्याकडे असे काय आहे, जे खेळाडूंकडे नाही? आणि खेळाडू आलेच नाहीत, तर ते काय करतील? यातील तिसरी ओळ बहुतेक जण विसरतात. ज्या टोळीला स्वतःचा नियम नाही, ती माणसांची टोळी वाटत नाही.

यासाठी तासगावच का?

सायबरपंकला लागणारे सगळे ताण येथे आधीपासून आहेत. तासगाव हा द्राक्षाचा तालुका. थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच तालुक्यातील बोरगावचे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षे शेडमधील जाळीच्या रॅकवर वाळतात, बेदाण्याची प्रतवारी होते, बॉक्स कोल्ड स्टोअरेजमध्ये जातात आणि बाजार समितीत सौदे निघतात. या साखळीत शेतकरी, शेडमालक, प्रतवारी करणाऱ्या मजूर महिला, कोल्ड स्टोअरेज, अडते, व्यापारी आणि बँक असे सगळे एकमेकांत अडकलेले असतात. सौद्यातील उधळण आणि वजनातील तूट हे शेतकऱ्यांच्या तक्रारीचे जुने विषय आहेत.

पाण्याचेही तसेच. ताकारी, म्हैसाळ, विसापूर-पुणदी अशा उपसा सिंचन योजनांत पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलले जाते. पंप बंद, तर पाणी बंद. विदा हा तिसरा ताण. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या अॅपवर आपल्या पिकाची नोंद करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेतीतील वापरासाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. यात काही वाईट आहे असे नाही. पण माल, पाणी आणि माहिती यांची कुलपे एकाच हाती गेली तर काय होईल, हाच सायबरपंकचा प्रश्न आहे.

प्रत्यक्षात टोळ्या कशा बांधायच्या?

समजा, वर्ष २०५५. तालुक्यातील सगळी कोल्ड स्टोअरेज एका काल्पनिक कंपनीच्या ताब्यात आहेत. कोणाचा किती माल, कोणावर किती कर्ज, कोणाची बाग कधी जप्त होणार, हे सगळे तिच्या एका डिजिटल खातेवहीत आहे. खेळाडूंच्या टोळीला ती खातेवही मिळवण्याचे काम मिळाले आहे. तीच आणखी तीन टोळ्यांना हवी आहे.

पहिली ‘चाळण’. कंपनीची वसुली टोळी. तिची म्होरकी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. वडिलांची बाग गहाण आहे आणि पाच वर्षे काम केले तर ती सुटेल, असा करार आहे. खातेवही परत आणली, तर तो करार उद्याच पूर्ण होतो. नियम एकच : कोणाच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

दुसरी ‘रात्रपाळी’. पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे वायरमन, फिटर, प्रोग्रॅमर. रात्री वीज आल्यावर शिवारात फिरणारी ही माणसे प्रत्येक बांध ओळखतात. खातेवहीत पंपांचे सांकेतिक क्रमांक आहेत, त्यांना तेवढेच हवेत. पिण्याचे पाणी मात्र ते कधीही तोडणार नाहीत.

तिसरी ‘उधळण’. खातेवही चोरून ती सगळ्या जगासाठी खुली करायची, हा या तरुणांचा ध्यास. पैसे घेत नाहीत. हेतू चांगला आहे, पण खातेवही खुली झाली, तर प्रत्येक शेतकऱ्याचे कर्ज, आजारपण आणि सोयरिकीसाठी दडवलेली अडचणही गावाच्या चव्हाट्यावर येईल.

एकाला खातेवही परत न्यायची आहे, एकाला तिचा तुकडा हवा आहे, एकाला ती उघडी करायची आहे. खेळाडूंना ती जाळायची असेल, विकायची असेल किंवा ज्याची नोंद त्याला परत द्यायची असेल. चौघांपैकी कोणीही खलनायक नाही. तरीही चौघांचे एकत्र भागणार नाही. येथून पुढची कथा खेळाडूच घडवतात.

हुक म्हणजे काय, आणि ते कसे टाकायचे?

खेळाडूंना कथेत ओढणाऱ्या प्रसंगाला हुक म्हणतात. ‘अमुक ठिकाणी जा आणि तमुक आणा’ हा निरोप झाला, हुक नव्हे. हुकमध्ये तीन गोष्टी लागतात : मागणारा माणूस, मुदत आणि काहीतरी गमावण्याची भीती. काही नमुने असे :

१. झिरो पेमेंट : दिवाळीच्या सुमारास मागची देणी-घेणी चुकती करण्यासाठी बेदाण्याचे सौदे बंद ठेवले जातात. बाजारात त्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. खेळातील तो दिवस तीन दिवसांवर आहे. एका अडत्याच्या नोंदी रातोरात बदलल्या आहेत. तो खेळाडूंकडे मदत मागतो. तो फसला आहे, की पैसे बुडवण्याचे निमित्त शोधतो आहे? ‘चाळण’ त्याच्या दुकानापर्यंत पोहोचली आहे.

२. एक अहवाल : २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. खेळात अशाच एका तपासणी अहवालाच्या दोन प्रती फिरत आहेत. एक खरी, एक खोटी. जहाज सुटायला ३६ तास उरले आहेत.

३. रथाचा दिवस : गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथ भाविक दोराने ओढतात. त्या गर्दीत एक छोटी चिप एका हातातून दुसऱ्या हातात जायची आहे. चारही टोळ्या तेथे आहेत आणि या गर्दीत कोणीही शस्त्र काढणार नाही, हा अलिखित करार आहे. बंदुकीविना रंगणारा हा प्रसंग कॅम्पेनमधील सर्वांत ताणाचा ठरू शकतो.

४. आपल्याच नावाने : कोणीतरी खेळाडूंच्या टोळीचे नाव सांगून एका शेडमालकाला लुटले आहे. गावाचा विश्वास उडायला एक रात्र पुरते.

५. एक पंप, दोन गावे : ‘रात्रपाळी’ स्वतःहून मदत मागायला येते. पंप एकच चालू होऊ शकतो. कोणत्या गावाकडे पाणी सोडायचे ते खेळाडूंनी ठरवायचे आहे, आणि त्यांच्यापैकी एकाचे आजोळ त्यातील एका गावात आहे.

प्रतिस्पर्धी जिवंत कसा ठेवायचा?

पहिली भेट लढाईची नसावी. सौद्याच्या ठिकाणी, चहाच्या टपरीवर किंवा काम देणाऱ्या मध्यस्थाच्या दारात दोन्ही टोळ्या समोरासमोर याव्यात. एकदा तरी प्रतिस्पर्ध्याला जिंकू द्यावे. खेळाडू पोहोचतात तेव्हा कपाट रिकामे आणि खाली ‘चाळण’ची खूण, एवढे पुरते. पराभव म्हणजे मृत्यू नव्हे, हे दोन्ही बाजूंना लागू असावे.

जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७ च्या खेळातील घड्याळाची पद्धत येथे उपयोगी पडते. कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करायचे. प्रतिस्पर्धी टोळीचे काम जसजसे पुढे जाईल, तसतसा एकेक भाग रंगवायचा. खेळाडूंनी एक बैठक दुसऱ्याच कामात घालवली, तरी ‘उधळण’चे वर्तुळ एका घराने भरते. सहावा भाग भरला, की खातेवही जगासमोर येते. जग आपल्यासाठी थांबत नाही, हे खेळाडूंना वर्तुळ पाहूनच कळते.

इतिहास काय शिकवतो?

गुप्तपणे काम करणाऱ्या टोळ्यांची रचना समजून घ्यायची, तर या भागाला नाइट सिटीत जाण्याची गरज नाही. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात असलेल्या तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला आणि तिरंगा फडकला. नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगावी स्वतःची व्यवस्था उभी केली. जून १९४३ मध्ये तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेतील खजिना लुटला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. प्रतिसरकारला इंग्रजांबरोबरच दरोडेखोरांच्या टोळ्यांशीही लढावे लागले.

या माणसांना खेळातील पात्रे करावीत, असे अजिबात नाही. त्यांच्या पिढीने जीव पणाला लावला होता. घ्यायचे आहे ते रचनेचे भान. गावाने भाकरी आणि आसरा दिला, म्हणून ही माणसे टिकली. तेव्हा खेळातही प्रत्येक टोळीला जेवण कोण देते, हे ठरवावे. तेथूनच तिची निष्ठा आणि तिची कमजोरी दोन्ही कळतात.

सावधगिरी कुठे हवी?

छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे खऱ्या अडत्याचे, पुढाऱ्याचे किंवा शेजाऱ्याचे नाव खेळात येता कामा नये. टोळीची ओळख जात, धर्म किंवा राजकीय गट यांवर बांधू नये. ती कामावर बांधावी. पहिल्या बैठकीआधी कोणते विषय नकोत, हे सर्वांनी बोलून घ्यावे. टेबलावर कोणाच्या घरी खरोखरच कर्जाची नोटीस आलेली असू शकते. विषय नको वाटला की कार्डाला हात लावायचा आणि प्रसंग तेथेच थांबवायचा, अशी ‘एक्स-कार्ड’ची पद्धत अनेक देशांतील खेळाडू वापरतात.

मग शेतकऱ्याच्या अडचणीचा खेळ करणे बरे दिसते का? आक्षेप रास्त आहे. अडचण सजावटीपुरती वापरली, तर ते वाईटच. पण अडत्या, वसुली करणारी मुलगी आणि पाणी सोडणारा फिटर यांच्या जागी बसून निर्णय घ्यायला लावणारा खेळ वेगळा. गावाच्या गप्पांत ‘दलाल वाईट’ एवढ्यावर विषय संपतो. पैसे नेमके कोठे अडकतात, कोण कोणाच्या दबावाखाली आहे आणि नियम कोण ठरवतो, हे तेथे विचारले जात नाही. प्रतिस्पर्ध्याची पाच ओळींची चिठ्ठी लिहिताना हे प्रश्न टाळता येत नाहीत.

पुढील दहा-वीस वर्षांत याच टेबलावरची मुले त्या खऱ्या खातेवह्यांचे सॉफ्टवेअर लिहितील, बाजार समितीत बसतील किंवा बाग पिकवतील. समोरच्याला काय हवे आणि का हवे, हे विचारण्याची सवय त्यांना फाशांसोबत लागली, तर काही रविवार सत्कारणी लागले असेच म्हणावे लागेल.